लॉराच्या १.९ पीडी इंजिनाला चांगला कॅम बसवायचा असेल तर

निपाणी, संकेश्वर, चंदगडकडच्या जुन्या स्कोडा लॉरा माझ्याकडे येतात, त्यातल्या निम्म्यांचं रिमॅप, म्हणजे ईसीएममधली (इंजिनच्या कॉम्प्युटरमधली) सेटिंग बदलून ताकद वाढवणं, आधीच झालेलं असतं. मालकाचं पुढचं मागणं ठरलेलं: "मामा, आता हाय लिफ्ट कॅम टाकूया." कॅम म्हणजे व्हॉल्व्ह दाबून उघडणारा दांडा, त्यावरचे उंचवटे म्हणजे लोब, आणि हाय लिफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा. मी हो किंवा नाही काहीच म्हणत नाही. आधी व्हॉल्व्ह कव्हर उघडतो. बेळगावच्या उद्यमबागेत ग्राइंडिंगच्या मशीनवर उमेदीची वर्षं घालवून मग गॅरेजकडे वळलेला माणूस मी, त्यामुळे कॅम हातात घेतला की माझी नजर पहिल्यांदा लोबच्या कडेवर जाते. लिफ्टचा विचार नंतर.

या इंजिनाची गोष्ट वेगळी आहे. साध्या चार सिलिंडरी, आठ व्हॉल्व्हच्या डिझेलच्या कॅमवर आठ लोब असतात. पीडीच्या (पंप आणि इंजेक्टर एकत्र असलेल्या डिझेलच्या) कॅमवर बारा. चार इनटेकचे, चार एक्झॉस्टचे आणि चार इंजेक्टरचे, कारण इथे डिझेलचा दाब वेगळा पंप तयार करत नाही. प्रत्येक इंजेक्टरचा स्वतःचा पंप असतो आणि कॅम रॉकरमधून तो दाबतो. इंजेक्टरच्या लोबांना जागा हवी म्हणून व्हॉल्व्हचे लोब अरुंद केलेत. अरुंद लोब, खाली सपाट तोंडाचा हायड्रॉलिक टॅपेट (लोब आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली वाटी), रोलर नाही. म्हणजे थोड्याशा रुंदीवर सगळा घासून चालणारा भार. त्यात कोणी व्हीडब्ल्यू ५०५.०१ प्रतीचं ऑइल न घालता बोलेरोला चालतं तेच १५डब्ल्यू-४० ओतलं, की लोबची चमक जाते, मग कडा झिजतात आणि शेवटी टॅपेटच्या तोंडाला भोक पडतं. आतून एवढं होईपर्यंत बाहेर फारसं काही कळत नाही. पिकअप थोडा कमी, सकाळी थोडा धूर, आयडलला हलकी टिकटिक. मालक म्हणतो गाडी जुनी झाली, चालायचंच.

म्हणून पहिलं काम तपासणीचं. कव्हर काढा, क्रँक हाताने फिरवा आणि प्रत्येक लोब उजेडात बघा. चांगल्या लोबवर पूर्ण रुंदीभर एकसारखा करडा पट्टा दिसतो. टोकाला आरशासारखी चमक, खड्डे किंवा कडेला चेंफर मारल्यासारखी उतरण दिसली तर तो कॅम संपला. डोळ्यावर भागत नसेल तर मायक्रोमीटरने चारही इनटेक लोबांची उंची एकमेकांशी ताडून बघा, मग एक्झॉस्टची. चौघांत एक वेगळा निघाला की उत्तर मिळालं. अशा गाडीला नवा, योग्य धातूचा कॅम बसवणं हेच खरं अपग्रेड. मालकाला वाटतं रिमॅपची ताकद कमी पडतेय, आणि खरं तर एक सिलिंडर अर्धाच श्वास घेत असतो.

आता हाय लिफ्टचं. पेट्रोलवरचं गणित इथे लावू नका. डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त, पिस्टन वर आला की हेडला जवळजवळ टेकतो आणि या इंजिनात व्हॉल्व्ह सरळ उभे असतात. त्यामुळे टीडीसीला, म्हणजे पिस्टन अगदी वर असताना, दोन्ही व्हॉल्व्ह जवळपास बंदच असावे लागतात. ओव्हरलॅप, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे राहण्याचा वेळ, वाढवायला जागाच नसते. दुसरं, टर्बोच्या अलीकडे एक्झॉस्टमध्ये साचलेला दाब बऱ्याचदा इनटेकच्या बूस्टपेक्षा जास्त असतो. अशा वेळी दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे ठेवलेत तर ताजी हवा आत येण्याऐवजी जळालेला वायू उलटा इनटेकमध्ये घुसतो. आणि इनटेक उशिरा बंद करणारा कॅम घेतलात तर खालच्या फेऱ्यांत हवा परत बाहेर ढकलली जाते, कॉम्प्रेशन घटतं, गार सकाळी स्टार्टिंग जड जातं आणि ट्रॅफिकमध्ये धूर वाढतो.

मग वेगळ्या प्रोफाइलचा कॅम कोणाला उपयोगी? ज्याने मोठा टर्बो, मोठे नोझल आणि मोठा इंटरकूलर बसवलाय आणि जो ३,००० आरपीएमच्या वर सतत ओढतो, त्याला. साखळीकडून चोर्ल्याचा चढ चार माणसं आणि सामान घेऊन चढणाऱ्याला खालच्या फेऱ्यांत टॉर्क हवा असतो. त्याला मी मूळ प्रोफाइलचाच कॅम सांगतो, आणि स्पष्ट सांगतो.

बेळगावात एक मोह मोठा आहे. इथे फाउंड्री आहे, लेथ आहे, ग्राइंडर आहे, धातूचं कुठलंही काम करून देणारा हात शेजारच्याच शेडमध्ये सापडतो. या हातांचा मला अभिमान आहे, मी त्यांच्यातलाच आहे. पण झिजलेल्या लोबवर वेल्डिंग चढवून घासून देणं या कॅमला चालत नाही. असे कॅम चिल्ड कास्ट आयर्नचे असतात. कडकपणा पृष्ठभागाच्या थरात असतो आणि वेल्डिंगची उष्णता तोच बिघडवते. बेस सर्कल (लोबचा खालचा गोल भाग) खाली घासून लिफ्ट वाढवण्यातही कडक थर कमी होतो, शिवाय टॅपेटला जास्त वर यावं लागतं. आणि त्या घासकामात इंजेक्टरचे लोब मुळीच हलता कामा नयेत. त्यांचा आकार बदलला की डिझेलच्या दाबाचा वेग आणि वेळ बदलते, मग ईसीएमला कितीही समजवा.

वेगळं प्रोफाइल घ्यायचंच असेल तर बसवण्याआधी अंतर मोजा. मूळ कॅमवर टीडीसीला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा अंशांवर व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यात किती जागा उरते ते डायल गेजने लिहून ठेवा, मग नव्या कॅमवर तेच करा. हायड्रॉलिक टॅपेट दबतो आणि खोटं माप देतो, म्हणून मोजताना त्याच्या जागी घट्ट, ठोकळा टॅपेट वापरा. नव्या कॅमने ही जागा ठळक कमी होत असेल तर तो कॅम परत पाठवा. हेड कधी प्लेन (घासून सपाट) केलंय का हेही मालकाला विचारा. या हेडला प्लेन करायची कंपनीची परवानगी नाही, तरी गरम झालेल्या गाड्यांची हेडं आपल्याकडे सर्रास प्लेन होतात. तिथली जागा आधीच गेलेली असते.

सामान एकदमच मागवा: कॅम, आठही टॅपेट, कॅमचे बेअरिंग शेल, ऑइल सील, बेअरिंग कॅप आणि रॉकर शाफ्टचे नवे बोल्ट, टँडम पंपाचं (डिझेल आणि व्हॅक्यूमच्या जोडपंपाचं) गॅस्केट, टायमिंग बेल्टचा पूर्ण संच वॉटर पंपासह. जुने टॅपेट नव्या कॅमखाली ठेवायचे नाहीत. जुन्या तोंडावर जुन्या लोबचा मार्ग कोरलेला असतो, तो नवा लोब खातो.

पहिला सिलिंडर टीडीसीला आणून क्रँक आणि कॅम लॉकने पकडा, बेल्ट सोडा. कॅमची पुली आणि हब काढा. हब टेपरवर बसतो, पुलर वापरा, हातोडा नको. मग क्रँक थोडा उलटा फिरवून ठेवा, म्हणजे कुठलाच पिस्टन वर उभा राहणार नाही. इंजेक्टरच्या रॉकरचे अ‍ॅडजस्टिंग स्क्रू ढिले करून रॉकर शाफ्ट काढा. त्यानंतर बेअरिंग कॅप: आधी ५, १ आणि ३, मग २ आणि ४ आळीपाळीने, थोडे थोडे. घाई केलीत तर स्प्रिंगच्या जोराने कॅम तिरका उचलतो आणि तुटतोही. कॅपवर नंबर असतात, अदलाबदल करू नका.

टॅपेट बाहेर टेबलावर ठेवताना तोंड खाली, हेडमध्ये बसवताना तोंड वर, कॅमकडे. नव्या लोबांना आणि टॅपेटच्या तोंडाला असेंब्ली पेस्ट लावा. पहिल्या सिलिंडरचे लोब वर राहतील असा कॅम ठेवा. कॅप २ आणि ४ आधी, मग बाकीच्या. ८ न्यूटन मीटर आणि पुढे ९० अंश. रॉकर शाफ्टला २० न्यूटन मीटर आणि ९० अंश. टेफ्लॉनची सील असेल तर तिच्या ओठाला तेल लावायचं नाही, कोरडीच बसते.

यानंतरचं काम बहुतेक जण उरकून टाकतात, पण इंजेक्टरचं आयुष्य तिथेच ठरतं. डायल गेज रॉकरच्या अ‍ॅडजस्टिंग स्क्रूवर टेकवा आणि रोलर लोबच्या टोकावर येईपर्यंत, म्हणजे इंजेक्टर पूर्ण दबेपर्यंत, क्रँक फिरवा. आता स्क्रू घट्ट अडेपर्यंत आत घ्या आणि तिथून १८० अंश मागे या. तुमच्या इंजिन कोडला मॅन्युअलमध्ये वेगळा कोन दिला असेल तर तोच धरा. स्क्रू धरून लॉकनट ३० न्यूटन मीटरला आवळा. चारही इंजेक्टरना वेगवेगळं करावं लागतं, एकाच्या अंदाजावर तिघे नाहीत.

बेल्ट चढल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा आणि लॉक परत बसतो का पाहा. आणि थांबा. कॅम बसवल्यापासून सुमारे ३० मिनिटं इंजिन चालू करायचं नाही. टॅपेट वर फुगलेले असतात, ते बसेपर्यंत व्हॉल्व्ह पिस्टनला लागू शकतात. मालक बाहेर हॉर्न वाजवत असला तरी थांबा.

ऑइल ५०५.०१ किंवा ५०७.०० प्रतीचंच, फिल्टरसकट सव्वाचार लिटरच्या आसपास. चालू झाल्यावर पहिल्या मिनिटांत आरपीएम किती ठेवायचा हे कॅमसोबत आलेल्या कागदावर असतं, ते पाळा. उगाच लांब आयडलवर सोडू नका. इंजिन गरम झालं की स्कॅनर लावून सिंक्रोनायझेशन अँगल (क्रँकच्या मानाने कॅम किती अंश पुढेमागे आहे ते) बघा. तो शून्याजवळ नसेल तर पुलीचे तीन बोल्ट ढिले करून हब किंचित फिरवता येतो.

ताकद बरीच वाढवणार असाल तर आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या तपशिलात न बसणारे बदल चालवून घेत नाही. धुराचं पीयूसीही काम झाल्यावर नव्याने करून घ्या.

पहिले हजार किलोमीटर हायवेवर, वंटमुरीच्या बाजूला मोकळी, बदलत्या वेगाने चालवा, घाटात जड ओझं नको. मग ऑइल बदला. या इंजिनाचा फिल्टर कागदी असतो, त्याच्या घड्या कापून उलगडा आणि खाली चुंबक फिरवा. पहिल्या खेपेला बारीक करडी पूड थोडी येते, ती चालते. चकचकीत कण किंवा पापुद्रे आले तर गाडी मालकाच्या हातात देऊ नका, कव्हर पुन्हा उघडा.