सतरा इंची रिम आणि घासणारा टायर

सेडानला मूळ टायर होते १९५/६५ आर१५, म्हणजे रुंदी १९५ मिमी, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि रिम १५ इंची. हौसेने १७ इंची, ७ इंच रुंद अलॉय रिम घेतले आणि दुकानदार म्हणाला म्हणून २१५/५५ बसवले. दिसायला झकास! पण स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचा टायर आतल्या प्लास्टिकच्या अस्तराला खर्रकन घासायचा. शिवाय स्पीडोमीटर १०० दाखवायचा तेव्हा जीपीएसवर १०५.

शेवटी कागद-पेन घेतलं, जे आधीच घ्यायला हवं होतं. टायरची उंची म्हणजे रिमचा व्यास (इंच गुणिले २५.४) अधिक दोन्ही बाजूंच्या भिंती. भिंत म्हणजे रुंदीचे तितके टक्के. मूळ टायर: ३८१ + २ × १२६.७५ = ६३४.५ मिमी. माझा नवा: ६६८.३. पाच टक्क्यांहून जास्त फरक, मग घासणार नाही तर काय!

२०५/५० आर१७ चं गणित ६३६.८ वर आलं, म्हणजे अर्धा टक्काही फरक नाही. २२५/४५ तर ६३४.३, जवळजवळ तंतोतंत. पण ७ इंची रिम त्याच्यासाठी किमान रुंदीची, आणि मला आणखी रुंद टायर नकोच होता. म्हणून २०५/५० ठरवला.

एक गोष्ट मात्र निसटणार होती. मूळ टायरचा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा क्रमांक) ९१, म्हणजे एका टायरमागे ६१५ किलो. दुकानात समोर ठेवलेला २०५/५० टायर ८९ चा, ५८० किलोचा. तो परत करून त्याच मापाचा ९३ चा एक्स्ट्रा लोड, म्हणजे जास्त वजन पेलणारा टायर घेतला. त्यात हवा थोडी जास्त ठेवतो.

घासणं थांबलं. खड्डे मात्र पूर्वीपेक्षा जास्त जाणवतात, भिंत बारीक झाली ना.