मिनेसोटाच्या छोट्या गावात आलात, तर चार्टर शाळेचा पैसा आधी समजून घ्या

मिनेसोटाच्या आडगावांत आपली माणसं येतात ती बहुतेक हॉस्पिटलच्या नोकरीमुळे. जे-१ वेव्हर (प्रशिक्षणाच्या जे-१ व्हिसानंतर मायदेशी परतण्याच्या अटीतून सूट) मिळालेल्या डॉक्टरला डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम करावं लागतं. मिनियापोलिसपासून दोन-अडीच तासांवर घर मिळालं की पुढचा प्रश्न मुलांच्या शाळेचा. गावात एक डिस्ट्रिक्टची, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टची शाळा आणि कुठे कुठे एक चार्टर शाळा. मग मला फोन येतो: "चार्टर म्हणजे प्रायव्हेट ना? फी किती? डोनेशन मागतात का?"

फी नाही, डोनेशन नाही, प्रवेश परीक्षा नाही. चार्टर ही सरकारी पैशावर चालणारी सार्वजनिक शाळाच आहे, फक्त ती डिस्ट्रिक्टच्या स्कूल बोर्डाच्या हाताखाली नसते. तिचं स्वतःचं मंडळ असतं आणि त्यावर लक्ष ठेवायला राज्याने मान्यता दिलेली एक संस्था असते, तिला ऑथोरायझर म्हणतात. असा कायदा अमेरिकेत सर्वांत आधी मिनेसोटानेच केला, 1991 मध्ये. पुढच्या वर्षी सेंट पॉलला सिटी अकॅडमी सुरू झाली. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत निघते, भावंडांना प्राधान्य मिळतं.

शहरात चार्टर हा अनेक पर्यायांतला एक पर्याय. गावाकडे तिचा जन्म बऱ्याचदा वेगळ्या कारणाने झालेला असतो. पट कमी झाला म्हणून डिस्ट्रिक्ट शाळेला कुलूप लावायला निघतं आणि गाव ती शाळा चार्टर म्हणून चालू ठेवतं. नर्स्ट्रँड हे 300 च्या आसपास वस्तीचं गाव. फॅरिबो डिस्ट्रिक्टची तिथली प्राथमिक शाळा बंद व्हायची वेळ आली तेव्हा गावाने हेच केलं. डुलुथजवळची, लेक सुपीरियरच्या बाजूची नॉर्थ शोअर कम्युनिटी स्कूलही याच वाटेने टिकली. मिनेसोटा न्यू कंट्री स्कूलचं कारण निराळं. हेंडरसनसारख्या हजाराच्या आत वस्ती असलेल्या गावात आता असलेली ही शाळा 1994 मध्ये सुरू झाली ती शिक्षकांनीच शाळा चालवायची आणि तासिकांऐवजी प्रकल्पांतून शिकवायचं म्हणून. तुमच्या गावातली चार्टर शाळा कशातून जन्मली हे शेजाऱ्यांना जरूर विचारा. त्या शाळेवर माणसांचा एवढा जीव का आहे ते त्यातून कळेल.

आता पैसा. राज्य दर वर्षी एका 'प्युपिल युनिट'मागे ठरावीक रक्कम देतं. 2024-25 साली ती 7,281 डॉलर होती. पहिली ते सहावीचं मूल म्हणजे एक युनिट, सातवी ते बारावीचं 1.2 युनिट. म्हणजे वरच्या वर्गातल्या एका मुलामागे साधारण 8,737 डॉलर. विशेष शिक्षण, इंग्रजी शिकणारी मुलं, गरीब घरातली मुलं यांच्यासाठीचे पैसे वेगळे. आपल्याकडे अनुदानित शाळेत संचमान्यतेत पद मंजूर झालं की शिक्षकाचा पगार सरकारी तिजोरीतून येतो. इथे पगाराची हमी कुणी देत नाही. मुलांमागे जे आलं त्यातूनच पगार, वीज, बॉयलर, सगळं भागवायचं. नव्वद मुलांच्या शाळेतून वरच्या वर्गांतली पाच मुलं गेली तर 43,686 डॉलर जातात, म्हणजे जवळपास एका नव्या शिक्षकाचा वर्षाचा पगार. शिवाय ती पाच मुलं एकाच वर्गातली नसतात, त्यामुळे एक वर्ग कमी करून खर्च वाचवावा तर तेही होत नाही.

डिस्ट्रिक्टला अशा वेळी निदान एक दार उघडं असतं. मतदारांपुढे रेफरेंडम मांडून घरपट्टीतून जादा पैसे मागता येतात, इमारतीसाठी बाँड काढता येतात. चार्टरला यातलं काहीच करता येत नाही. राज्याच्या पैशातून जमीन किंवा इमारत विकतही घेता येत नाही. म्हणून भाड्यासाठी लीज एड मिळते: भाड्याच्या 90 टक्के किंवा युनिटमागे 1,314 डॉलर, यांतलं जे कमी असेल ते. छतातून पाणी गळायला लागलं की या आकड्यांचा अर्थ कळतो. राज्य वर्षाचे काही पैसे, एरवी 10 टक्के, पुढच्या वर्षी देतं. 2011 मध्ये राज्याची तिजोरी अडचणीत आली तेव्हा वर्षाच्या वर्षी फक्त 60 टक्के द्यायचं ठरलं. गाठीला पैसा नसलेल्या शाळांना पगारासाठी कर्ज शोधत फिरावं लागलं.

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? कारण आपल्या भारतवारीचा याच्याशी थेट संबंध आहे. मिनेसोटाच्या कायद्यानुसार मूल सलग 15 शाळेचे दिवस गैरहजर राहिलं की त्याचं नाव पटावरून काढावं लागतं. पैसे वर्षभराच्या सरासरी पटावर मिळतात, त्यामुळे नाव निघालं की त्या दिवसांचे पैसेही थांबतात. डिसेंबरची सुट्टी यात धरत नाहीत, पण पुढे जानेवारीभर पुण्याला किंवा कोल्हापूरला लग्नसराईत राहिलात तर ती मर्यादा सहज ओलांडली जाते. मोठ्या डिस्ट्रिक्टला एका मुलाचा फरक जाणवणार नाही, ऐंशी-नव्वद मुलांच्या शाळेला जाणवतो. आणि प्रतीक्षायादी असेल तर आपल्या मुलाच्या जागेचं काय होणार तेही आधी विचारायला हवं. तिकीट काढण्याआधी ऑफिसात जाऊन तारखा दाखवा. शाळेचं कॅलेंडर बघून पंधरा दिवसांच्या आत परत येता येतं, अनेक घरं तसंच करतात. आजी-आजोबांची ओढ मला कळते, माझी मुलंही त्याच ओढीवर वाढली.

दुसरी गोष्ट मताची. एच-1बी वर असताना आपण इथे घरपट्टी भरतो, पण रेफरेंडमला किंवा डिस्ट्रिक्टच्या बोर्डाच्या निवडणुकीला मत देता येत नाही, त्याला नागरिकत्व लागतं. चार्टरच्या मंडळाची निवडणूक मात्र शाळेचे कर्मचारी, मंडळाचे सदस्य आणि पटावरच्या मुलांचे पालक करतात. पालक म्हणून तुम्हाला तिथे मत आहे. मंडळावर पालक, शिक्षक आणि गावातला माणूस असे तिन्ही असावेच लागतात. या देशात माझ्या मताला पहिल्यांदा किंमत आली ती तिथे, आणि पुढे पालकांच्या जागेवर मी त्या मंडळात कामही केलं. सभेच्या कागदांत सर्वांत वर डॉलर नसायचे, दोन आकडे असायचे: बजेटमध्ये धरलेली मुलं आणि आज पटावर असलेली मुलं. ऑक्टोबरमध्ये दुसरा आकडा पहिल्याच्या खाली दिसला की पुढची चर्चा काय होणार ते सगळ्यांना ठाऊक असायचं.

सभा सर्वांना खुल्या असतात. प्रवेश घेण्याआधी एका सभेला जाऊन मागे बसा. शिल्लक निधी किती आहे, मागच्या तीन वर्षांत पट वाढला की घटला, ऑथोरायझरबरोबरचा करार कधी संपतो, हे तीन प्रश्न विचारायला संकोच करू नका. ऑडिट दर वर्षी होतं आणि ते मागता येतं. शाळा मध्येच बंद पडली तर हाल मुलांचे होतात, म्हणून ही चौकशी शिक्षकांच्या चौकशीइतकीच महत्त्वाची.

डिस्ट्रिक्टच्या शाळेतही तेवढ्याच मोकळ्या मनाने जाऊन या. मूल चार्टरला गेलं की डिस्ट्रिक्टचा तेवढा पैसा कमी होतो, पण बस मात्र तेवढीच धावते. यावरून काही गावांत जुनी कटुता आहे, चर्चमध्ये शेजारी बसणारी कुटुंबंही या विषयावर बोलत नाहीत. आल्या आल्या कुठली बाजू घेऊ नका. बँड, खेळ, वरच्या वर्गांतले कठीण विषय बहुतेकदा डिस्ट्रिक्टकडे जास्त असतात. लहान वर्ग आणि मुलाला नावाने ओळखणारी माणसं चार्टरमध्ये मिळतात. मुलाला विशेष शिक्षणाची गरज असेल तर ती पुरवणं दोन्ही शाळांना बंधनकारक आहे. तरी लहान शाळेत त्या विषयाचा शिक्षक आठवड्यातून किती दिवस येतो ते स्पष्ट विचारून घ्या.

बसची व्यवस्था चार्टर स्वतः करते किंवा डिस्ट्रिक्टवर सोपवते. डिस्ट्रिक्टच्या हद्दीबाहेर राहत असाल तर हद्दीपर्यंत मुलाला तुम्हालाच आणावं लागेल, त्यामुळे भाडेकरार करण्याआधी नकाशा बघा. प्रवेशासाठी व्हिसाची स्थिती किंवा सोशल सिक्युरिटी नंबर सांगायची गरज नाही. लसीकरणाचं कार्ड मात्र हातातल्या बॅगेत आणा. कांजिण्यांची लस भारतात अनेक मुलांची राहिलेली असते आणि इथे ती मागतात. अर्जाची मुदत बहुधा हिवाळ्यातच संपते. उन्हाळ्यात येणार असाल तर ऑफर लेटर हातात पडताच शाळेला ईमेल करा.