मत देण्याआधी दोन-तृतीयांशांचं गणित मांडा

गोव्यात मत कुणाला द्यायचं हे ठरवताना निम्मा विचार निकालानंतरचा करावा लागतो. माझं मत प्रियोळ मतदारसंघात आहे. २०२२ मध्ये इथला निकाल २१३ मतांनी लागला, सांत आंद्रेत तर फरक होता ७६ चा. एका वाड्यावर तेवढी मतं सहज निघतात. म्हणून मतदानाआधी एक संध्याकाळ वही घेऊन बसा, असं मी शेजारपाजाऱ्यांना आवर्जून सांगते.

वहीत आधी ४० आणि २१ हे आकडे लिहा, म्हणजे एकूण जागा आणि बहुमत. खाली गेल्या खेपेचा निकाल मांडा: भाजप २०, काँग्रेस ११, आप २, मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) २, गोवा फॉरवर्ड १, आरजी (रेव्होल्युशनरी गोवन्स) १, अपक्ष ३. आता प्रत्येक पक्षापुढे एक रकाना आखून त्या आकड्याचे दोन-तृतीयांश लिहा. अपूर्णांक आला तर वरचा आकडा धरा. फोडाफोडीचा सगळा हिशेब या रकान्यात असतो.

राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार पक्ष सोडणाऱ्याची आमदारकी जाते. पूर्वी एक-तृतीयांश आमदार फुटले तरी चालायचं. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ती वाट बंद केली. उरली विलीनीकरणाची वाट, आणि तिला दोन-तृतीयांश आमदार लागतात. मार्च २०१९ मध्ये मगोच्या ३ पैकी २ आमदार भाजपात गेले. त्याच जुलैत काँग्रेसच्या १५ पैकी १०. सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८. करून पाहा, तिन्ही वेळा दोन-तृतीयांशांचा आकडा नेमका गाठलेला दिसेल. पक्षाचा आमदार एकच असला तर तो स्वतःच अख्खा गट. म्हणून छोट्या पक्षाला मत देताना पक्षापेक्षा माणूस जास्त तपासा. देऊच नका असं मी मुळीच म्हणत नाही.

अपक्षाचं वेगळं. निवडून आल्यावर तो पक्षात शिरला तर अपात्र ठरतो, पण पाठिंबा देऊन मंत्री होऊ शकतो. आमच्या प्रियोळात २०१७ ला अपक्ष निवडून आलेले गोविंद गावडे पर्रीकर सरकारात मंत्री झाले आणि २०२२ च्या तोंडावर आमदारकीचा राजीनामा देऊन भाजपतर्फे उभे राहिले. कायद्यात हे बसतं.

वहीत आणखी एक आकडा हवा: १२. मुख्यमंत्र्यांसह मंत्री याहून जास्त करता येत नाहीत. त्यामुळे मित्रपक्षाची किंमत सरकारला २१ गाठायला तो लागतो तोवरच. २०१७ मध्ये काँग्रेस १७ आणि भाजप १३ असताना गोवा फॉरवर्डच्या तिघांनी पर्रीकरांना साथ दिली आणि मंत्रिपदं मिळवली. २०१९ ला काँग्रेसचे दहा जण भाजपात आले आणि गोवा फॉरवर्डच्या याच मंत्र्यांना घरी जावं लागलं. मतदानापूर्वीच्या युतीचंही तसंच: २०२२ ला मगो तृणमूलसोबत लढला आणि निकाल लागताच त्याने भाजपला पाठिंबा दिला.

म्हणून उमेदवाराला तोंडावर विचारा. मोठ्या सभेत नको, तिथे माईक त्याच्या हातात असतो. कोपरा बैठकीत विचारा, जिथे मांडवात आपलेच शेजारी बसलेले असतात. प्रश्न दोन: ‘कुणालाच बहुमत मिळालं नाही तर पाठिंबा कुणाला देणार?’ आणि ‘कुणाला कधीच देणार नाही?’ पहिल्याला बहुतेक वेळा ‘लोक सांगतील तसं’ असं उत्तर येतं. दुसऱ्याला एक तर नाव घ्यावं लागतं, नाही तर टाळावं लागतं, आणि टाळलेलं मांडवात सगळ्यांना कळतं. कुणाला तरी मोबाईलवर रेकॉर्ड करायला सांगा आणि तारीख वहीत लिहा. शपथेवर मात्र विसंबू नका. जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसच्या उमेदवारांनी देऊळ, क्रॉस आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी पक्ष न सोडण्याची शपथ घेतली होती. सप्टेंबरात जे झालं ते मला फार लागलं, कारण ही श्रद्धास्थानं आमच्या रोजच्या जगण्यातली आहेत.

नंतर अपात्रतेच्या अर्जाने न्याय मिळेल, या भरवशावरही राहू नका. २०१९ च्या दहा जणांविरुद्धचा अर्ज सभापतींनी एप्रिल २०२१ मध्ये फेटाळला. त्यावर उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने निकाल दिला फेब्रुवारी २०२२ मध्ये, म्हणजे नव्या विधानसभेचं मतदानही उरकल्यावर. तोही सभापतींचा निर्णय कायम ठेवणारा.

शेवटचं काम मोबाईलवर होतं. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र असतं. यंदाचं आणि गेल्या निवडणुकीचं शेजारी-शेजारी ठेवा. वर पक्षाचं नाव तेच आहे का, मालमत्ता किती वाढली, खटले कोणते, एवढं बघा. पुढची विधानसभा निवडणूक २०२७ च्या सुरुवातीला अपेक्षित आहे. कोपरा बैठका सुरू होण्याआधी ही वही तयार हवी.