गावातली नाती मोजायला निघताय? या चुका टाळा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात मी पहिल्यांदा प्रश्नावली घेऊन गेले, तेव्हा तिसऱ्या घरातल्या वहिनींना विचारलं, "तुमच्या जवळच्या मैत्रिणी कोण?" वहिनी जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "मैत्रिणी शाळेत होत्या गो. आता कसल्या?" मी रकान्यात शून्य लिहिलं. त्यानंतरच्या अर्ध्या तासात शेजारीण मूठभर सोलं मागून घेऊन गेली, जाऊबाईंचा मुलगा जेवायला बसला आणि भजनी मंडळातल्या एकीनं वर्गणीचे पैसे वहिनींकडे ठेवायला दिले. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं, तरी कागदावरचं शून्य मी तसंच ठेवलं. नंतर संगणकावर नात्यांची आकृती काढली, म्हणजे माणूस हा ठिपका आणि नातं ही रेघ, तर वहिनी एका कोपऱ्यात एकट्या. एकही रेघ नसलेला ठिपका.

सामाजिक नेटवर्क (कोण कुणाशी जोडलेलं आहे) आणि सामाजिक भांडवल (त्या नात्यांतून काय मिळतं) यांवर एम.ए.चे प्रबंध करणारी मुलं हल्ली आकृती घेऊन येतात आणि विचारतात, सॉफ्टवेअरमध्ये काय चुकलं? बहुतेक वेळा चूक ओसरीवरच झालेली असते.

नात्याचं नाव विचारू नका, काम विचारा

'मैत्रीण', 'जवळची व्यक्ती', 'विश्वासाची माणसं' हे शब्द प्रत्येक घरात वेगळे ऐकले जातात. बॅनर्जी, चंद्रशेखर, दुफ्लो आणि जॅक्सन या अर्थशास्त्रज्ञांनी कर्नाटकातल्या 75 गावांत माहिती गोळा केली, तेव्हा तांदूळ-रॉकेल कुणाकडून उसनं आणता, देवळात कुणाबरोबर जाता, अडचणीत सल्ला कुणाचा घेता असे प्रश्न ठेवले होते. आपल्याकडे मी आता विचारते: सिलिंडर संपला तर कुणाकडून आणता? रात्री कुणाला बांबोळीच्या इस्पितळात न्यायचं झालं तर गाडी कुणाला सांगता? चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीचं रानातलं सामान कुणाकडून येतं? दुसऱ्या फेरीत त्याच वहिनींनी अकरा नावं सांगितली आणि मलाच लिहायला वेळ पुरेना.

प्रश्नाचा परिणाम किती मोठा असतो, याचं जगभर गाजलेलं उदाहरण अमेरिकेचं आहे. तिथल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 1985 आणि 2004 मध्ये लोकांना विचारलं की महत्त्वाच्या गोष्टी तुम्ही कुणाशी बोलता. सरासरी 2.94 वरून 2.08 वर आली आणि जवळपास चौघांतला एक म्हणाला, कुणाशीच नाही. 2006 मध्ये हा निष्कर्ष छापून आला आणि समाज एकटा पडत चालल्याची चर्चा सुरू झाली. 2009 मध्ये समाजशास्त्रज्ञ क्लॉड फिशर यांनी दाखवलं की ही घट बहुधा सर्वेक्षणाच्या पद्धतीतून आलेली आहे. पुढे मुलाखत घेणाऱ्यांचाही परिणाम दिसून आला: काहींना पुष्कळ नावं मिळत होती, काहींना जवळजवळ नाहीतच. म्हणून प्रत्येक अर्जावर मुलाखत कुणी घेतली ते लिहा आणि त्याप्रमाणे नावांची सरासरी काढून बघा. एखाद्याची सरासरी फारच खाली दिसली, तर त्याच्याबरोबर दोन घरं फिरून या. शेवटच्या घरांत मुलाखत घेणाऱ्याला कंटाळा आलेला असतो आणि 'कुणी नाही' लिहिलं की पुढचे वीस प्रश्न टळतात.

'पाच नावं सांगा' असं म्हणालात, तर सगळी माणसं पाचांवरच थांबतील. मर्यादा ठेवावीच लागली, तर किती जणांनी ती गाठली तेही लिहा.

एक बाई, तीन ठिपके

या चुकीनं माझं एक अख्खं वर्ष खाल्लं, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत अजून बऱ्याच घरांत आहे. माझ्या यादीत एक बाई सासरच्या नावानं होती, तिला चार रेघा. पलीकडच्या वाड्यावर, म्हणजे गावातल्याच दुसऱ्या वस्तीत, तिचं माहेर. तिथले लोक तिला जुन्याच नावानं हाक मारत, आणि त्या नावाच्या ठिपक्याला सात रेघा. शिवाय तिसरीकडे 'बालवाडीची बाय' म्हणून ती आणखी एकदा आली होती. माझ्या आकृतीत दोन वाडे एकमेकांपासून तुटलेले दिसत होते, आणि 'वाड्यांमध्ये संपर्क नाही' असं वाक्यही मी मसुद्यात लिहून टाकलं होतं. दोन वाड्यांना जोडणारी बाई मी स्वतःच तीन तुकड्यांत कापून ठेवली होती.

उलटही होतं. एकाच गावात नाईक, गावकर, परब यांची इतकी घरं असतात की तीन वेगळी माणसं एकाच ठिपक्यात जाऊन बसतात आणि मग कुणीतरी उगाचच गावाचा पुढारी ठरतो. उपाय साधा आहे, पण तो पहिल्या दिवसापासून करायला हवा. प्रत्येक घराला क्रमांक द्या आणि त्याखाली माणसाचं कागदावरचं नाव, माहेरचं नाव, हाक मारायचं नाव आणि वाडा लिहा. मुलाखतीत नाव आलं की तिथल्या तिथे विचारा, "म्हणजे कुठल्या घरातली?" घरी येऊन जुळवू म्हणालात, तर ते जुळणार नाही.

गावाची हद्द ही नेटवर्कची हद्द नव्हे

पंचायतीची हद्द हातात आयती मिळते, म्हणून आपण तीच घेतो. गोव्यात ती फार फसवते. सोळाव्या शतकात मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली. कुळावी आणि महाजन, म्हणजे या दैवतांशी बांधलेली घराणी, गावोगाव विखुरले, तरी जत्रेला ते एकत्र येतात. लग्नाची स्थळं, नोकरीची बातमी, आजारपणात मदत हे सगळं त्या वाटेनं फिरतं. हद्दीबाहेरची नावं खोडू नका. तिथली मुलाखत घेता येणार नाही, पण ती व्यक्ती कुठं राहते आणि काय करते एवढं विचारता येतं. चवथीच्या आठवड्यात मात्र घरातली माणसं मोजू नका. मुंबईची सगळी तेव्हा इथंच असतात.

पोदेर कुणीच सांगत नाही

सकाळी सायकलवरून पाव घालणाऱ्या पोदेराचं नाव मला एकाही घरात मिळालं नाही. कुणाचं घर बंद आहे, कुणाकडे पाहुणे आलेत हे गावात सगळ्यांत आधी त्याला कळतं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा 'दुर्बळ धाग्यां'वरचा, म्हणजे अशाच जुजबी ओळखींवरचा, 1973 चा लेख सगळे उद्धृत करतात, पण तो नीट वाचा. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी 55.6 टक्के लोकांना ती अधूनमधून भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती, 27.8 टक्के लोकांना क्वचित भेटणाऱ्याकडून. ती माणसं बॉस्टनजवळच्या उपनगरातली, व्यावसायिक आणि व्यवस्थापकीय नोकऱ्यांतली होती. बोटीवर नोकरीला जाऊ पाहणाऱ्या मुलाला मेहुण्याचा धागाच उपयोगी पडत असेल, तर ते तुमच्याच माहितीतून दाखवा.

भांडवलाची बेरीज

महिला मंडळ एक, स्वयंसहाय्य गट एक, देवस्थान समिती एक, म्हणून गुण तीन. हे करू नका. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ पटनम यांचं सामाजिक भांडवल संस्था, विश्वास आणि सहकार्याकडे बघतं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बुर्द्यू यांचं नात्यांतून कुणाच्या हाती काय साधनं येतात याकडे. दोघांना एका आकड्यात कोंबलं की आकडा कुणाचाच राहत नाही. साधनं मोजायची असतील, तर समाजशास्त्रज्ञ नान लिन यांच्या पद्धतीप्रमाणे विचारा: तुमच्या ओळखीत तलाठी आहे का? वकील, परिचारिका, पंच, बँकेतलं कुणी? आणि घट्ट संघटना म्हणजे चांगलंच, असंही धरून चालू नका. कोमुनिदादीत, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेत, गावकारपण (तिचं सभासदत्व) पुरुषाच्या वंशातून चालत आलं. आत असलेल्यांना एकत्र ठेवणारी तीच रीत गावातल्या कितीतरी घरांना बाहेर ठेवत होती.

'मैत्रिणीमुळे सवय लागली' असं लिहिण्याआधी एक पडताळणी करा: तीच पद्धत मैत्रिणीकडून लागूच शकत नाही अशा गोष्टीवर चालवून बघा. 2008 मध्ये कोहेन-कोल आणि फ्लेचर या संशोधकांनी सवयी मित्रांकडून पसरतात असं दाखवणाऱ्या विश्लेषणाची साधी पद्धत उंचीवर वापरून बघितली, तर मित्रांकडून उंचीसुद्धा 'पसरते' असं उत्तर आलं.

आकृती कुणाला दाखवता?

नावांऐवजी क्रमांक घातले म्हणजे ओळख लपली, असं मला वाटायचं. मी ती आकृती गावात नेली. वहिनींनी एका ठिपक्यावर बोट ठेवलं: "ही मी. आणि हिला माझ्याशिवाय कुणीच नाही, म्हणजे ही वरच्या घरातली." त्या बाईनं आपलं एकटेपण मला विश्वासानं सांगितलं होतं. तेव्हापासून गावात नेते त्या कागदावर फक्त वाड्यांमधल्या जाड-बारीक रेघा असतात, आणि माणसांची आकृती माझ्याकडे कुलपात राहते.