जुनी गाडी डीलरकडे कमिशनवर विकायला ठेवताय? या चुका टाळा

दारव्हा असो, हिंगणघाट असो की अचलपूर, गोष्ट एकाच पद्धतीने बिघडते. वाड्याच्या मागे वीस-पंचवीस वर्षं उभी असलेली अॅम्बेसेडर, फियाट नाहीतर विलीज जीप. ज्यांनी घेतली ते आजोबा गेले, मुलं पुण्याला. कोणीतरी सांगतं की अशा गाड्यांना आता भाव आलाय, शहरातला अमुक डीलर कमिशनवर विकून देतो. आठ दिवसांत गाडी रिकव्हरी व्हॅनवर चढते, सगळे कागद सोबत जातात आणि पुढचे सहा महिने नुसते फोन चालतात: "भाऊ, पार्टी पाहून गेली, बोलणं सुरू आहे."

डीलर दरवेळी लबाड असतो असं नाही. बहुतेक वेळा मालकानेच घाईत त्याच्या हातात नको तेवढं देऊन ठेवलेलं असतं. कमिशनवर ठेवणं म्हणजे गाडी दाखवायला आणि ग्राहक शोधायला देणं. मालकी आपली, भाव ठरवण्याचा अधिकार आपला. हे कागदावर आलं नाही तर पुढचं सगळं डीलरच्या मर्जीवर चालतं.

कोऱ्या टीटीओवर सही

मालकी बदलायला फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. आरटीओच्या बाहेर या जोडीला टीटीओ म्हणतात. गाडी न्यायला आलेला माणूस यावरच आधी सह्या मागतो: "ग्राहक आला की तुम्हाला पुन्हा चक्कर नको." घेणाऱ्याचं नाव कोरं, तारीख कोरी. सोबत आधारची झेरॉक्स, दोन फोटो आणि मूळ आरसी. एवढं दिल्यावर आपल्या हातात फक्त डीलरचा फोन नंबर उरतो.

पुसदकडच्या एका कुटुंबाची १९६८ची अॅम्बेसेडर मार्क २ अशीच गेली. दिवाळीनंतर गाडी दिली, तोंडी भाव ठरला साडेतीन लाख. डीलरने ती दुसऱ्या व्यापाऱ्याला दिली, त्याने तिसऱ्याला. तिसऱ्याने फुलं लावून ती लग्नाच्या वरातीत भाड्याने फिरवायला सुरुवात केली. कोऱ्या टीटीओचा गठ्ठा हातोहात पुढे सरकत होता आणि त्यावर नाव कोणीच भरत नव्हतं, कारण नाव भरलं की ट्रान्सफरचा खर्च आपल्यावर येतो. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास वरातीतून परतताना गाडीने एका मोटारसायकलवाल्याला उडवलं. विमा कधीच संपलेला. अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस गेली ती पुसदला, कारण आरसीवर नाव तिथल्याच मालकाचं होतं. तोवर त्यांच्या हातात साडेतीनपैकी दीड लाख आले होते.

हे कायद्याने असंच घडतं. मोटार वाहन कायद्यात मालक म्हणजे नोंदणीत ज्याचं नाव आहे तो. गाडी तीन-चार हात फिरली तरी नोंद बदलली नसेल तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केलं आहे. दुसरी बाजू वस्तू विक्री कायद्याची, १९३०ची. मालकाच्या संमतीने गाडी ताब्यात असलेल्या व्यापाऱ्याकडून एखाद्याने प्रामाणिकपणे, नेहमीच्या व्यवहारात ती घेतली, तर त्या ग्राहकाचा हक्क टिकतो. मग गाडी परत मागता येत नाही, भांडण उरतं ते फक्त डीलरशी.

म्हणून सवय एकच ठेवा. टीटीओवर सही तेव्हाच, जेव्हा घेणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता आणि तारीख भरलेली असेल आणि रक्कम खात्यात आल्याचं आपण आपल्या मोबाईलवर स्वतः पाहिलं असेल. समोरच्याने दाखवलेला स्क्रीनशॉट चालत नाही. मूळ आरसी घरीच. डीलरला रंगीत झेरॉक्स द्या. त्यावर आणि आधारच्या झेरॉक्सवर आडवं लिहा: गाडीचा नंबर, तारीख, "फक्त विक्रीसाठी दाखवण्याकरिता". अक्षरं फोटोवरून आणि सहीवरून गेली पाहिजेत, कडेला मोकळ्या जागेत लिहिलं तर ते कापून टाकता येतं. एक चक्कर वाचवण्यासाठी हे सोडून देणाऱ्यांना समजावून सांगणं फार कठीण जातं. नागपूरची एसटी दिवसात किती वेळा सुटते!

इथे अजून एक बारीक मुद्दा आहे. १ एप्रिल २०२३पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि ते पाच वर्षं चालतं. ते मागा, त्यावरचं दुकानाचं नाव आणि पाटीवरचं नाव जुळतं का पाहा. अशा डीलरकडे गाडी देताना फॉर्म २९सी, म्हणजे गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची खबर, परिवहन पोर्टलवर भरला की गाडी त्याच्या ताब्यात असेपर्यंत जबाबदारी त्याची होते. अपघात झाला, चलान आलं, तर ते त्याच्या अंगावर. पण याच नियमाने त्याला एनओसी, डुप्लिकेट आरसी आणि ट्रान्सफरसाठी अर्ज करण्याचाही अधिकार मिळतो. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी करारनामा, मग २९सी. उलटं केलं तर संरक्षण मिळतं, पण लगाम सुटतो.

करारनाम्यात काय हवं

५०० रुपयांच्या स्टॅम्पवर दोन पानं पुरेत, पण त्यात आकडे हवेत. याखाली विकायची नाही असा कमीत कमी भाव. कमिशन किती टक्के, आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी त्यातच की वरून. मुदत, ९० दिवस ठीक. विक्रीनंतर किती दिवसांत पैसे, सातपेक्षा जास्त नको. गाडी शेडमध्ये उभी राहणार की उघड्यावर. टेस्ट ड्राइव्ह एका वेळी जास्तीत जास्त पाच किलोमीटर, आणि डीलरचा माणूस सोबत बसलेला.

"तुम्हाला अमुक एवढे, वरचे माझे" असा सौदा डीलरला आवडतो. त्यात खरी किंमत आपल्याला कधीच कळत नाही. टक्केवारीच बरी, आणि ग्राहकाच्या बिलाची प्रत हवी असंही लिहून घ्या.

खर्चाचं कलम विसरू नका. भारतीय करार कायद्याच्या कलम २२१प्रमाणे, वेगळं काही ठरलेलं नसेल तर एजंट आपलं कमिशन आणि खर्च मिळेपर्यंत मालकाची वस्तू अडवून ठेवू शकतो. पार्किंगचे महिन्याला एवढे, बॅटरीचे एवढे, पॉलिशचे एवढे असं बिल वाढत जातं आणि गाडी परत न्यायला गेलेला माणूस तिथे अडकतो. "लेखी होकाराशिवाय केलेला खर्च मालकावर नाही, आणि खर्चापोटी गाडी अडवता येणार नाही" हे वाक्य करारात शब्दशः घाला.

विकायची म्हणून आधी रंगवून घेणं

कागदांच्या चुकीनंतर सगळ्यात जास्त नुकसान याचं होतं, आणि ते पाहून फार वाईट वाटतं, कारण एकदा खरवडलेला मूळ रंग परत येत नाही.

वर्ध्याकडची एक फियाट ११०० डिलाइट. मूळ रंग फिका पडलेला, पण जागेवर. घरच्यांनी तालुक्याच्या गॅरेजमध्ये ८०,००० रुपये घालून डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं. मिस्त्रीने गंजलेल्या जागी पत्रा बदलला नाही, पुट्टी भरली. जुन्या सीट काढून रेक्झिन चढवलं, क्रोमच्या पट्ट्या वाकड्या म्हणून भंगारात दिल्या, डायनामोच्या जागी अल्टरनेटर बसवला. गाडी झळझळीत झाली. डीलरच्या शेडमध्ये आलेल्या ग्राहकाने खिशातून चपटं चुंबक काढलं, रुमालात गुंडाळलं आणि दरवाज्याच्या वरच्या कडेला लावलं. चिकटलं. मग हळूहळू खाली सरकवत आणलं. खालून चार बोटं उरली तिथे चुंबक सुटलं आणि रुमालासकट त्याच्या तळहातात आलं, कारण पुट्टीला चुंबक चिकटत नाही. त्याने चारही दरवाजे तसेच तपासले आणि पहिल्या बोलीच्या निम्म्यावर आला. पट्ट्या आणि डायनामो मिळतील का, हे त्याने दोनदा विचारलं.

दरवाज्याच्या तळाशी पाणी निघायला बारीक छिद्रं असतात. ती चिखलाने किंवा पुट्टीने बुजली की काचेवरून आत उतरलेलं पावसाचं पाणी तिथेच साचतं आणि पत्रा आतून खातं. वरून केलेला रंग एखाद्या पावसाळ्यात फुगतो. जाणकार ग्राहकाला फिका पण मूळ रंग आणि उघडा दिसणारा गंज जास्त विश्वासाचा वाटतो, कारण आपण काय घेतोय ते त्याला दिसतं.

त्यामुळे रंगाला हात लावू नका, साफसफाई मात्र मनापासून करा. आपल्याकडची काळी माती मडगार्डच्या आतल्या कडेला थापून बसते आणि महिनोन्‌महिने ओल धरते. ती लाकडी पट्टीने उकरून काढा, लोखंडी खुरप्याने नको. दरवाज्याची छिद्रं तारेने मोकळी करा. सीटखाली कुटार, सरकी, उंदरांची घरटी सापडतातच, आणि उंदीर असले तर वायरिंगही कुरतडलेलं असतं. ते पाहिल्याशिवाय बॅटरी जोडू नका. गाडी कोठ्यात किंवा खताच्या पोत्यांशेजारी उभी असेल तर आजच हलवा. जनावरांच्या मुताचा अमोनिया वायरिंगच्या तांब्या-पितळेला खातो आणि पोटॅशसारखं खत ओल धरून पत्रा सडवतो.

इंजिन बरेच वर्षं बंद असेल तर धक्का मारून सुरू करण्याचा मोह आवरा. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचा एक चमचा इंजिन ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या. सकाळी हँडलने हाताने फिरवा. सहज फिरलं तरच स्टार्टर मारा. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढून टाका, ते चिकट होऊन कार्बोरेटरचे जेट बुजवतं. नवीन पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते पाणी ओढतं आणि जुने रबरी पाइप फुगवतं, म्हणून पाइप बदला आणि टाकीत पाच लिटरच्या वर भरून ठेवू नका. मग बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याचं दाखवत सुरू करण्याचा व्हिडिओ काढा. हा एक व्हिडिओ ८०,०००च्या रंगापेक्षा जास्त कामाचा.

मे महिन्यात गाडी चालवत नागपूरला नेऊ नका. ४५ अंशांत पेट्रोलची पंपातच वाफ होते आणि गाडी रस्त्यात बसते. रिकव्हरी व्हॅनच करा.

बाकीच्या चुका

गाडी अजून आजोबांच्या नावावर असेल तर ती विकताच येत नाही. आधी फॉर्म ३१ने वारसाच्या नावावर करा. मृत्यू दाखला आणि बाकी वारसांची लेखी संमती लागते. जुनी आरसी पुस्तकाच्या स्वरूपात असेल तर ती बहुतेक वेळा सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर चढलेली नसते, आधी आरटीओत बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर, करून घ्यावी लागते. यात सहज दोन महिने जातात. ते डीलर शोधण्याच्या आधी घालवा.

डिझेल इंजिन. आपल्याकडे कितीतरी पेट्रोल जीपमध्ये आणि अॅम्बेसेडरमध्ये खर्च वाचवायला डिझेल इंजिन बसवलं गेलं आणि आरसीवर नोंद पेट्रोलचीच राहिली. ब्लॉकवरचा आणि चासीवरचा नंबर ब्रशने साफ करून आरसीशी अक्षर न्‌ अक्षर जुळवा. जुळत नसेल तर तसं पहिल्या भेटीतच सांगा आणि करारात लिहा. मूळ इंजिन कुठे पडलं असेल तर तेही गाडीसोबत द्या.

५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली गाडी २०२१च्या नियमाने व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' अक्षरं. पण मग ती रोज चालवता येत नाही, फक्त रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती वगैरेसाठी. हे ग्राहकाला ठरवू द्या, आपण आधीच पैसे घालू नका. व्हिंटेज नोंदणी असलेली गाडी विकली तर दोघांनीही ९० दिवसांत परिवहन विभागाला कळवायचं असतं.

विमा डीलर काढेल असं धरून चालू नका. किमान थर्ड पार्टी आपणच काढा, नसेल तर टेस्ट ड्राइव्ह बंद.

दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका. आयकर कायद्यात दंड घेणाऱ्याला होतो, आणि तो घेतलेल्या रकमेएवढा असतो.

गाडी देताना यादी करा: स्टेपनी, जॅक, हँडल, चार व्हील कॅप, डॅशबोर्डचं घड्याळ, हॉर्नची रिंग, टूल किट. प्रत्येकाचा फोटो, सोबत मीटरच्या आकड्याचा फोटो, दोघांच्या सह्या. व्हील कॅप सगळ्यात आधी गायब होतात, आणि त्यांच्यामागे उत्तर असतं, "आली तेव्हाच नव्हत्या."

विक्री झाल्यावर टीटीओ दिला म्हणून काम संपलं असं धरू नका. फॉर्म २९ची खबर राज्यातल्या ग्राहकासाठी १४ दिवसांत आरटीओला जावी लागते. राज्याबाहेरचा असेल तर ४५ दिवस आणि एनओसी. पोच आपल्या फाइलला लावा, आणि एम-परिवहन अॅपवर दर सोमवारी गाडीचा नंबर टाकून बघत राहा, आपलं नाव जाऊन ग्राहकाचं येईपर्यंत.