पहिली सुई टेकवण्याआधी: डिजिटल विनाइलसाठी नागपुरातल्या घराची तयारी

डिजिटल विनाइल म्हणजे लॅपटॉपमधली गाणी खऱ्या तबकडीवर हात ठेवून वाजवणं. त्यासाठीची टाइमकोडची तबकडी, म्हणजे गाण्याऐवजी फक्त खुणेचा आवाज कोरलेली, हातात आली की आधी ती नुसती ऐका. लॅपटॉप नको, सॉफ्टवेअर नको. साध्या अॅम्प्लिफायरला टर्नटेबल जोडा, आवाज अगदी हळू ठेवा आणि सुई टेकवा. एक टोकदार, न थांबणारी शीळ ऐकू येईल. सेराटो या डीजे सॉफ्टवेअरच्या तबकडीत ती १००० हर्ट्झची असते. बोटाने तबकडी रोखत आणा, शीळ जाड होत खाली उतरते. पुढे ढकला, बारीक होऊन वर चढते. डीव्हीएसचा, म्हणजे डिजिटल विनाइल सिस्टिमचा, सगळा कारभार या शिळेवर चालतो. तिच्या पट्टीवरून सॉफ्टवेअरला वेग कळतो. डाव्या आणि उजव्या बाजूची शीळ एकमेकींच्या पाव आवर्तन पुढेमागे असते, त्यावरून तबकडी सुलट फिरतेय की उलट ते कळतं. आणि शिळेच्या लहानमोठ्या होण्यात दडवलेल्या खुणांवरून सुई कितव्या सेकंदाला आहे ते. गाणं लॅपटॉपमध्येच असतं, तबकडी तुमच्या हाताचा निरोप पोचवते.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोट्ट्यांना मी पहिल्या दिवशी म्हणूनच सांगतो की ही शीळ सुईपासून लॅपटॉपपर्यंत स्वच्छ पोचवायची, एवढीच तयारी आहे. धूळ, हादरा, भुणभुण, चुकीचं वजन, सैल वायर, यातलं काहीही मध्ये आलं की गाणं डळमळतं, आणि माणूस उगाच सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये तास घालवतो. पुढे लिहितोय तो क्रम त्याच वाटेने जातो.

सुरुवात टर्नटेबलपासून. दोन घेणं जमत नसेल तर एकच घ्या, पण डायरेक्ट ड्राइव्ह घ्या, म्हणजे मोटर थेट तबकडीखाली असलेलं. बेल्टवर चालणाऱ्या टर्नटेबलची ताकद हाताखाली पुरत नाही; तबकडी सोडली की ती पुन्हा वेगाला यायला वेळ घेते आणि तेवढ्यात ताल निसटतो. टेक्निक्सचं एसएल-१२०० हे १९७२ साली आलं, १९७९ मध्ये त्याची एमके-२ आवृत्ती निघाली आणि जगभरचे डीजे त्यावरच घडले. ते थांबलेल्या अवस्थेतून ०.७ सेकंदात पूर्ण वेग पकडतं. २०१० मध्ये उत्पादन बंद झालं, २०१६ मध्ये पुन्हा सुरू झालं. जुनं, बाहेरदेशातून आलेलं टेक्निक्स कुणी विकत असेल तर पैसे देण्याआधी त्यावरचं व्होल्टेज वाचा. जपानमधलं १०० व्होल्टचं असतं, अमेरिकेतलं १२०चं. आपल्या भिंतीत २३० आहे. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर न लावता तसंच खुपसलं तर ते गेलंच म्हणून समजा. बाकी तपासणी सोपी आहे: टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, दोन बोटांत हलकेच धरून हलवा, बुडाशी खडखड लागली तर बेअरिंग सैल आहे, ते टर्नटेबल सोडून द्या. पिच फेडर (वेग कमी-जास्त करायची सरकपट्टी) मधोमध आणून बाजूचे ठिपके स्ट्रोबच्या, म्हणजे टर्नटेबलवरच्या लुकलुकत्या दिव्याच्या, उजेडात स्थिर दिसतात का बघा.

आता जागा, आणि इथे नागपूरचा उन्हाळा मध्ये येतोच. विनाइल म्हणजे पीव्हीसी, ते ऊन सोसत नाही. मे अखेरचा नवतपा चालू असताना गाडीच्या मागच्या सीटवर अर्धा तास तबकडी राहिली तर ती पापडासारखी वाकते, आणि वाकलेल्या तबकडीवर सुई दर फेरीला वर-खाली झुलते. ३३⅓च्या वेगाला एक फेरी १.८ सेकंदांची, म्हणजे गाण्यातही दर १.८ सेकंदांनी तसाच झोल. तबकड्या उभ्या ठेवा, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, एकीवर एक रचू नका. कूलर हा दुसरा प्रश्न. आपल्याकडे कूलरशिवाय मे महिना काढता येत नाही हे मला मान्य आहे, पण त्याचा झोत टर्नटेबलवर येऊ देऊ नका. दमट हवा आणि धूळ मिळून तबकडीच्या रेघांत चिखल साचतो. शिवाय कूलरची थरथर फरशीतून टेबलात चढते. सराव करताना कूलर बाजूच्या खोलीच्या खिडकीला आणि दार उघडं, ही सोय मला सगळ्यात बरी वाटली.

टेबल जड हवं. लोखंडी अँगलचं हलकं स्टँड चालत नाही, बास वाढला की तेच गुणगुणायला लागतं आणि सुई ते सगळं वाचते. माझ्या टेबलवर स्वयंपाकघराच्या ओट्याचा उरलेला कडप्पा आहे, खाली जुन्या टायरच्या ट्यूबचे चार चौकोन कापून ठेवलेत. त्यावर टर्नटेबल. चार वर्षांत त्याहून चांगलं काही सापडलं नाही. स्पीकर त्याच टेबलवर ठेवू नका. उंची अशी ठेवा की हात तबकडीवर असताना कोपर काटकोनात येईल. कमी उंचीच्या टेबलवर वाकून तासभर बसलात तर दुसऱ्या दिवशी पाठ सांगते.

मग टोनआर्म. हे घाईत करू नका, रात्री जेवणं झाल्यावर चांगल्या उजेडात करा. हेडशेल (आर्मच्या टोकाचा सुई बसवायचा भाग) घट्ट बसवा, अँटिस्केटिंग (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणूनची चकती) शून्यावर, सुईचं झाकण काढलेलं, तबकडी उचलून बाजूला. आर्म आधारावरून सोडवून बोटावर धरा आणि मागचं वजन थोडं थोडं फिरवत जा. एक क्षण येतो, बोट काढलं तरी आर्म खाली पडत नाही, वर जात नाही, हवेत तसाच आडवा तरंगतो. फुंकर मारली तर हलकेच डोलतो आणि परत जागेवर येतो. तिथे थांबा. आर्म आधारावर परत अडकवा. मागचं वजन हलू न देता त्यावरची फक्त आकड्यांची पुढची चकती शून्यावर आणा. आता वजन आणि चकती दोन्ही मिळून फिरवा, सुईच्या पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रॅमपर्यंत. डीजेच्या बहुतेक सुया ३ ते ४ ग्रॅममध्ये चालतात. सुई उडते म्हणून अंदाजाने वजन चढवत नेण्याची सवय मी फार जणांमध्ये पाहिलीय. त्याने सुई उडायची थांबते, पण तबकडी लवकर झिजते, आणि झिजलेल्या तबकडीची शीळ चिरकी होते. उडत असेल तर आधी टेबल तपासा.

सुई गोल टोकाची घ्या, मागेपुढे ढकलणं तिला सोसतं. शूअरने २०१८ मध्ये सुया बनवणंच थांबवलं, त्यामुळे ज्यांना त्यांच्या एम४४-७ सुईची सवय होती त्यांच्यातले बरेच जण ऑर्टोफोन कंपनीच्या कॉनकॉर्ड सुईकडे वळलेत. वेगळं कार्ट्रिज (सुई ज्यात बसते ती डबी) हेडशेलला लावणार असाल तर चार बारीक वायरींचे रंग लक्षात ठेवा: पांढरी आणि निळी डाव्या बाजूची, लाल आणि हिरवी उजव्या बाजूची. आजोबांच्या ७८च्या जुन्या तबकड्या घरात असतील तर त्यांच्यावर ही सुई टेकवू नका. त्यांच्या रेघा रुंद असतात, त्यांना वेगळी सुई लागते.

वीज आणि अर्थिंग हा माझ्या मते या शहरात सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. सुईतून येणारा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो. तो इतका नाजूक की घरातली कुठलीही भुणभुण त्यावर स्वार होते. नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या घरी माझी एक विद्यार्थिनी राहते. तिच्याकडे सगळं नवं होतं, तरी गाणं मध्येच थरथरायचं, स्पीकरमध्ये कायम एक घुंऽऽ. तिला म्हटलं, टोनआर्मच्या धातूला बोट लाव. तिने लावलं, घुं निम्म्याने उतरलं. काढलं, परत आलं. म्हणजे टर्नटेबलची ग्राउंडची बारीक वायर मिक्सरच्या स्क्रूला लागलेलीच नव्हती, केबलच्या गुंडाळीत तशीच पडली होती. ती आवळली. उरलेली भुणभुण भिंतीतून येत होती, त्या खोलीच्या प्लगला अर्थिंगच नव्हतं. इलेक्ट्रिशियन बोलावून वायर ओढून घेतली तेव्हा कुठे खोली शांत झाली. भुणभुण जावी म्हणून तीन पिनांच्या प्लगची वरची पिन तोडणारे लोक आहेत. तसं कधीही करू नका, त्या पिनेवर जीव अवलंबून असतो. सगळी उपकरणं एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, आणि लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर आवाज स्वच्छ होतो का तेही पाहा.

साउंड कार्डबद्दल थोडक्यात. दोन टर्नटेबल असतील तर दोन स्टीरिओ इनपुट आणि दोन स्टीरिओ आउटपुट हवेत, किंवा हे सगळं पोटात असलेला डीव्हीएसचा मिक्सर. इनपुटवर फोनो आणि लाइन असा खटका असतो. काही टर्नटेबलच्या मागेही तसाच असतो. फोनो म्हणजे सुईचा नाजूक सिग्नल वाढवणं, लाइन म्हणजे आधीच वाढवलेला सिग्नल. फोनोचं काम दोघांपैकी एकाने करायचं. दोन्हीकडे चुकलं की शीळ एकतर फाटते, नाहीतर ऐकूच येत नाही.

सॉफ्टवेअर निवडताना आधी तुमचं कार्ड किंवा मिक्सर कशाबरोबर चालतं ते बघा, मग मन. सेराटो २००४ पासून या कामात आहे, ट्रॅक्टर आणि रेकॉर्डबॉक्सही आहेत. त्यांच्यात डीव्हीएससाठी लायसन्स लागतं का, ते यंत्रासोबत येतं का, हे विकत घेण्याआधी वाचा. हातात पैसे कमी असतील तर मिक्स्स हे मोफत आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे, नावात तीन एक्स. त्याला पुरेशा इनपुटचं साधं साउंड कार्ड चालतं आणि सेराटोची टाइमकोड तबकडीही ते वाचतं. शिकण्यासाठी ते पुरेसं आहे हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

या सगळ्यांत शिळेचं चित्र दाखवणारी एक खिडकी असते. ती रोज उघडा. शीळ स्वच्छ असेल तर तिथे गोल वर्तुळ दिसतं. वर्तुळ चेपलेलं दिसलं तर डाव्या-उजव्या बाजूची पातळी समान नाही, हेडशेल काढून पिना कोरड्या कापडाने पुसा. वर्तुळाऐवजी नुसती रेघ असेल तर एक बाजू पोचतच नाहीये. कडा केसाळ दिसल्या तर सुईवर धूळ आहे, मऊ ब्रशने मागून पुढे झाडा. गाणं उलटं वाजलं तर लाल आणि पांढरी केबल अदलाबदल झालीय. मग तबकडी थांबवून, सुई खालीच ठेवून, खोलीत गाणं मोठ्याने लावा आणि संवेदनेची पट्टी सरकवत न्या. थांबलेल्या तबकडीचा ठिपका थरथरायचा थांबला की झालं. बफर, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी लॅपटॉप जमवून ठेवतो तो तुकडा, २५६ सॅम्पलवर सुरू करा, ४४,१०० हर्ट्झला तो सुमारे ६ मिलिसेकंदांचा उशीर होतो. आवाज तुटत असेल तरच ५१२वर जा. वाय-फाय बंद, नोटिफिकेशन बंद. मोड सुरुवातीला अॅब्सोल्यूट ठेवा, म्हणजे सुई उचलून पुढे टेकवली की गाणंही तितकंच पुढे जातं, खऱ्या तबकडीसारखं. हात आणि डोळा त्यातून शिकतात.

गाण्यांची तयारी मात्र निवांत करायची गोष्ट आहे. फाइल ३२० केबीपीएसची किंवा फ्लॅक, वेव्ह. कुठूनतरी उतरवलेली पातळ फाइल मोठ्या स्पीकरवर लगेच उघडी पडते. सॉफ्टवेअर प्रत्येक गाण्याची लय मोजून देतं, पण आपल्या गाण्यांत ते वारंवार चुकतं. कोळीगीतं सहा मात्रांच्या चालीवर डोलतात, तिथे ते चारच्या हिशेबाने मोजायला जातं आणि दीडपट किंवा भलताच आकडा दाखवतं. जुनी मराठी-हिंदी गाणी वादकांनी एकत्र बसून वाजवलेली, त्यांची लय कडव्याकडव्याला थोडी वाढते, थोडी उतरते. सॉफ्टवेअरची ठेक्यांच्या खुणांची एकसारखी ग्रीड त्यांच्यावर बसत नाही. १४ एप्रिलला वाजवण्यासाठी मी भीमगीतांची यादी केली तेव्हा प्रत्येक गाण्याचा ठेका टॅपच्या बटणावर स्वतः मोजला, ढोलकी कुठे सुरू होते, कोरस कुठे उचलतो तिथे क्यू पॉइंट, म्हणजे थेट उडी मारायच्या खुणा, ठेवले. दोन संध्याकाळी गेल्या. पण अशा गाण्यांवर तबकडीचा हात खरा कामी येतो. लय वाढली की बोटाने किंचित ढकला, उतरली की काठाला स्पर्श करून धरा. पिच फेडरच्या ±८ टक्क्यांत १२० ठेक्यांचं गाणं १२९.६पर्यंत जातं, तेवढं पुरतं. वीसच गाणी घ्या, पण ती तोंडपाठ असू द्या.

राहिल्या किरकोळ वस्तू. स्लिपमॅट, म्हणजे तबकडीखालची घसरती चटई, जड जात असेल तर तबकडीच्या आतल्या प्लास्टिकच्या पिशवीतून त्याच मापाचा गोल कापून मॅटखाली घाला, तबकडी हाताखाली लगेच हलकी होते. बारा वाजताच्या दिशेने लेबलवर एक चिकटपट्टीची खूण करा, रेघांवर नाही. रोज पहिल्याच मिनिटावर स्क्रॅच करू नका, तिथली शीळ सगळ्यात आधी झिजते. सेराटोच्या एका बाजूला १० आणि दुसऱ्या बाजूला १५ मिनिटं आहेत, ती वापरा. बर्डीच्या बाजारात गेलात की आरसीएची एक जोडी केबल आणि जादा सुई आणून ठेवा, ऐनवेळी रात्री काही मिळत नाही. आणि रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद, हेडफोन चालू. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ आहे. शेजारच्या काकूंना सरावाची वेळ आधीच सांगून ठेवा, त्यांच्याकडे परीक्षेचं पोर असेल तर ती वेळ बदला.

पहिल्या दिवशी मिक्सिंगला हात लावू नका. एकच गाणं लावा, डोळे स्क्रीनवरून काढा, तबकडी पाव फेरी मागे ओढा, ठेक्यावर सोडा. पन्नास वेळा. मग आर्म आधारावर, त्याची कडी अडकवलेली, सुईवर झाकण, तबकडी पाकिटात आणि टर्नटेबलवर सुती कापड.