ध्रुवित प्रकाशाने सिट्रस ग्रीनिंग ओळखणं: पेटी बांधण्यापासून पीसीआरपर्यंत

ग्रीनिंग म्हणजेच एचएलबी, संत्रा-मोसंबीसारख्या सिट्रस झाडांना जिवाणूमुळे होणारा रोग. हा जिवाणू सिट्रस सायला या किडीमार्फत झाडाच्या अन्नवाहिन्यांत शिरतो. वाहिन्यांत कॅलोज नावाचा चिवट पदार्थ साचून त्या तुंबतात, पानात तयार झालेली साखर मुळांकडे आणि फळांकडे जाऊ शकत नाही, आणि स्टार्चच्या रूपात पानातच साठत राहते. स्टार्चच्या कणांतून जाताना ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंपणाऱ्या, प्रकाशाची कंपनदिशा बदलते. इथे सांगितलेली पेटी, म्हणजे दिवे, कॅमेरा आणि दोन पोलरायझर (प्रकाश ध्रुवित करणारे फिल्टर) बसवलेला काळा डबा, याच गुणावर चालते. ती स्टार्च टिपते, जिवाणू नाही. पान कधी तोडायचं, कोणतं तोडायचं आणि निकालावर किती विसंबायचं, हे सगळं त्यावरूनच ठरतं.

प्रकाश आणि कॅमेरा

फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधनात या कामासाठी ५९१ नॅनोमीटरची तरंगलांबी वापरली गेली. साध्या अंबर एलईडीचा प्रकाश ५९० च्या आसपासच असतो, त्यामुळे महाग दिवा लागत नाही. मात्र ‘पीसी अंबर’ नावाने मिळणारे एलईडी घेऊ नका. त्यांच्यावर फॉस्फरचा थर असतो आणि प्रकाशाचा पट्टा फार रुंद होतो. डेटाशीटवर पट्ट्याची रुंदी २० नॅनोमीटर किंवा कमी आहे ना, ते बघून घ्या.

कॅमेरा मोनोक्रोम, १० किंवा १२ बिट रॉ फाइल देणारा असावा. लेन्सपुढे ५९० नॅनोमीटर मध्य आणि १० नॅनोमीटर रुंदीचा बँडपास फिल्टर (तेवढ्याच पट्ट्यातला प्रकाश आत सोडणारा) लावा. दिवा अंबरच आहे, मग फिल्टर कशाला, असं वाटून बरेच जण तो वगळतात आणि तिथेच फसतात. अंबर प्रकाश पडला की पानातलं हरितद्रव्य स्वतःच ६८५ आणि ७४० नॅनोमीटरच्या आसपास लाल प्रकाश सोडतं. हा प्रकाश ध्रुवित नसतो, पोलरायझरमधून सहज पार होतो, आणि सेन्सरला तो स्टार्चसारखाच उजळ दिसतो.

पेटी साधारण ३० × ३० × ४० सेंटिमीटरची, आतून मॅट काळी. वरच्या झाकणाला मध्ये भोक पाडून लेन्स बसवा आणि लेन्सभोवती एलईडीची कडी. पानापर्यंत अंतर ३० सेंटिमीटर. दिवे चार कोपऱ्यांत तिरके लावण्यापेक्षा कडी बरी, कारण तिरक्या प्रकाशात प्रत्येक कोपऱ्याची ध्रुवणदिशा पानावर वेगळ्या कोनात पडते आणि दोन पोलरायझर जुळवून जो काळोख आणायचा, तो सगळीकडे सारखा मिळत नाही.

कडीखाली लिनिअर पोलरायझर फिल्मचा एकच अखंड तुकडा लावा, मध्ये लेन्ससाठी भोक पाडून. तुकडे जोडले तर प्रत्येकाचा अक्ष थोडा हलतोच. डिफ्यूझर लावायचा असेल तर तो एलईडी आणि फिल्म यांच्या मध्ये. फिल्मच्या खाली लावला तर ध्रुवण तिथेच बिघडतं. एलईडी तापतात, म्हणून फिल्म त्यांच्यापासून २ सेंटिमीटर तरी लांब ठेवा, नाहीतर ती वाकते. दुसरा पोलरायझर लेन्सवर, फिरवता येईल असा.

काळोख जुळवणं

पानाच्या जागी ॲल्युमिनियम फॉइलचा सपाट, न चुरगळलेला तुकडा ठेवा. गुळगुळीत धातू ध्रुवण तसंच परत पाठवतो, म्हणून लेन्सवरचा पोलरायझर फिरवत गेलात की एका जागी फॉइल जवळजवळ काळी पडते. तिथे खूण करून पोलरायझर घट्ट बसवा. हीच स्थिती पानाच्या मेणचट पृष्ठभागावरची चकाकीही मारते आणि पानाच्या आतून फिरून आलेला प्रकाश तेवढा कॅमेऱ्यात शिरतो.

फॉइल नुसती करडी होते, काळी पडतच नाही? आधी फिल्मवरचं पातळ संरक्षक प्लॅस्टिक दोन्ही बाजूंनी सोललंय का, नखाने कोपरा उचलून पाहा. ते दिसत नाही, पण ध्रुवण पार बिघडवतं. मग पानावर दाबायला ठेवलेली काच तपासा. ॲक्रिलिक किंवा टफन्ड काचेत ताण अडकलेला असतो आणि पोलरायझरमधून त्याचे पट्टे उमटतात. साधी २-३ मिलिमीटरची काच घ्या. कॅमेऱ्याचा सर्क्युलर पोलरायझर वापरला असेल, तर तो उलटा तर बसला नाही ना?

दिवे लावून १० मिनिटं थांबा. अंबर एलईडी तापला की त्याचा उजेड चांगलाच उतरतो, आणि हा उतार थंड दिव्याने घेतलेल्या पहिल्या पानांना उगाच ‘रोगट’ ठरवतो. एक्स्पोजर, गेन, गॅमा सगळं हाताने एकदा ठरवून कायम ठेवा; ऑटो काहीच नको. चौकटीच्या कडेला मॅट करडं कार्ड कायम चिकटवलेलं असू द्या. प्रत्येक पानाचा आकडा त्याच्याशी ताडायचा आहे.

पान कधी आणि कोणतं

निरोगी पानातही दिवसभर स्टार्च साठतो आणि रात्री तो झाडाच्या कामी येतो. म्हणून पहाटे, ऊन चढायच्या आत पानं तोडा. तेव्हा निरोगी पान बरंचसं रिकामं झालेलं असतं आणि तुंबलेल्या वाहिन्यांचं पान भरलेलंच राहतं. दुपारी चारला तोडलेल्या पानांत हा फरक पुसट होतो. फार थंड रात्रीनंतरही निरोगी पानांत स्टार्च उरतो, तेव्हा अशी पहाट टाळलेली बरी.

कोवळी नवती घेऊ नका. तिचा फिका रंग आकडे बिघडवतो. पूर्ण पक्व, टणक झालेली पानं झाडाच्या चारही बाजूंनी प्रत्येकी ३ घ्या, त्यात ठिपकेदार पिवळी छटा असलेली आधी. जिवाणू झाडात सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, एकाच फांदीची पानं घेतली तर रोगट झाड हातचं निसटतं. दव आणि धूळ ओल्या मऊ कापडाने पुसून पान कोरडं करा. झाडाचा क्रमांक आणि बाजू पिशवीवर लिहा आणि शक्यतो तासाभरात फोटो घ्या.

आकडा काढणं

फोटोतून दिवे बंद असतानाची काळी चौकट वजा करा. पानाची कडा आणि मधली शीर वगळा. उरलेल्या भागाचं मध्यक मूल्य करड्या कार्डाच्या मूल्याने भागून १०० ने गुणा. सरासरीपेक्षा मध्यक बरं, कारण धुळीचा एखादा चमकता कण सरासरी ओढून नेतो. सोबत प्रमाण विचलनही नोंदवा आणि डाव्या-उजव्या अर्ध्या पानाचे आकडे वेगळे काढा.

ही डावी-उजवी तुलना जस्ताच्या कमतरतेसाठी आहे. कमतरतेचं पानही फिकं, म्हणून उजळ दिसतं. पण त्याचा पिवळेपणा शिरांच्या मधल्या भागात, शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा असतो. ग्रीनिंगचे डाग शिरा ओलांडून वेडेवाकडे पसरतात, आणि दोन अर्धी एकमेकांशी जुळत नाहीत. तरीही एकाच झाडाला दोन्ही असू शकतं, हे विसरू नका.

खरा गोंधळ होतो तो दुसरीकडे. फांदीला आवळून बसलेली लेबलची तार, अर्धवट मोडलेली फांदी, डिंक्याने किंवा मूळकुजीने खराब झालेलं झाड, ट्रिस्टेझा हा विषाणूजन्य रोग: या सगळ्यांत अन्न खाली जायची वाट अडते आणि पानात स्टार्च साठतो. पेटीला यातला फरक कळणार नाही. आकडा चढलेला दिसला की झाडापाशी परत जा, फांदी बुडापर्यंत हाताने चाचपा, बुंध्याची साल बघा.

उंबरठा ठरवणं

ज्या आकड्याच्या वर झाड संशयित धरायचं, तो उंबरठा दुसऱ्या कोणाकडून उसना घेऊ नका. दिवा, फिल्म, जात बदलली की आकडे बदलतात. पीसीआरने (जिवाणूचा डीएनए शोधणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीने) तपासलेली निदान ३० रोगट आणि ३० निरोगी झाडं घ्या, शिवाय जस्ताची कमतरता असलेली २०. त्यातल्या दोन-तृतीयांश झाडांवर उंबरठा ठरवा, उरलेल्यांवर तो तपासा. विभागणी झाडांची करा, पानांची नाही. एकाच झाडाची पानं दोन्हीकडे गेली, तर अचूकता कागदावर छान आणि बागेत फोल निघते.

आता हिशेब बघा. बागेत १००० झाडं, त्यातली २० रोगट. पेटी रोगट झाडं १०० पैकी ९० वेळा पकडते आणि निरोगी झाडं १०० पैकी ९० वेळा सोडते, असं धरलं, तर १८ खरी आणि ९८ खोटी, मिळून ११६ झाडांवर बोट ठेवलं जाईल. म्हणजे संशयितांतली सहापैकी एकही जेमतेम रोगट. या निकालावर कुऱ्हाड चालवायची नाही. पण १००० ऐवजी ११६ झाडांचीच पुढची तपासणी करायची, हा फायदा खूप मोठा आहे. उंबरठा थोडा खालीच ठेवा. खोटा संशय पीसीआरमध्ये धुतला जातो, सुटलेलं झाड मात्र सायलाला जिवाणू पुरवत राहतं.

मधली चाळणी म्हणून आयोडीन वापरा. पान बारीक सॅंडपेपरच्या तुकड्याने घासा, सॅंडपेपरचा तो तुकडा छोट्या प्लॅस्टिक पिशवीत १ मिलिलिटर पाण्यात चोळा आणि पातळ आयोडीनचा एक थेंब टाका. पाणी काळपट-निळं झालं तर स्टार्च भरपूर आहे. पेटीच्या आकड्यावरची ही शहानिशा, रोगाची नाही.

पीसीआरसाठी संशयित पानं देठासकट पाठवा, कारण जिवाणू देठात आणि मधल्या शिरेत सापडतो. कोरड्या कागदात गुंडाळून, थंड ठेवून, पण न गोठवता. झाडागणिक वेगळी पिशवी, आणि दोन झाडांच्या मध्ये कात्री पुसून निर्जंतुक करा, नाहीतर एका झाडाचा रस दुसऱ्याच्या नमुन्यात जातो. पीसीआर नकारात्मक आला आणि पेटीचा आकडा तरीही चढाच राहिला, तर तार-साल-मुळं तपासून त्याच झाडाच्या दुसऱ्या फांद्यांची पानं तीन महिन्यांनी पुन्हा घ्या. लागण झाल्यावर लक्षणं उमटायला काही महिने ते काही वर्षं लागतात आणि सुरुवातीला स्टार्चही वाढलेला नसतो. म्हणून बागेत सायला दिसत असेल, तर पेटीचे सगळे आकडे खाली असले तरी त्याचं नियंत्रण थांबवू नका.